उसाच्या खात्याचे वेब पान : कोणत्या भाषेत लिहावे?



गळीत हंगाम सुरू झाला की शेती गट ऑफिसात विचारले जाणारे प्रश्न मुख्यतः तीनच. माझी लागण नोंद कोणत्या तारखेची धरली? माझ्या किती खेपा काट्यावर आल्या आणि वजन किती भरले? आणि बिलातून कपात कशाकशाची झाली? या तीन प्रश्नांपायी सभासदाचा अर्धा दिवस मोडतो. चिटबॉय वही काढतो, वहीत न सापडले तर मुख्य ऑफिसला फोन लावतो, तिकडे लाईन लागली तर ठीक, नाही तर "उद्या या." वास्तविक ही सर्व माहिती कारखान्याच्या संगणकात असतेच. ती घरबसल्या मोबाईलवर का दिसू नये, असे सभासद विचारतात आणि त्यांचे विचारणे रास्त आहे.

ती दाखवायची तर संगणकातली नोंद काढून वेब पानावर मांडणारी एक स्क्रिप्ट लागते. स्क्रिप्ट म्हणजे यंत्राला दिलेल्या सूचनांचे टिपण. सभासदाने नंबर टाकला की ते टिपण डेटाबेसला प्रश्न विचारते, आलेले उत्तर चौकटीत भरते आणि पान धाडून देते. हे टिपण कोणत्या भाषेत लिहावे याची चर्चा सध्या संगणक विभागात चालू आहे. आम्ही शेती खात्याची माणसे. पण नोंदी आमच्या खात्याच्या, आणि पुढे बोलणी खाणारही आम्हीच, म्हणून आम्हालाही त्या चर्चेत बसवून घेतले आहे. तिथे जे समजले ते सभासदांपुढे ठेवत आहोत.

कोणी म्हणेल, भाषा कोणती का असेना, आपल्याला आकडा दिसल्याशी कारण. तसे नाही. शेजाऱ्याच्या फडात जोमात दिसली म्हणून जात निवडत नाहीत. आपली जमीन, आपले पाणी बघूनच बेणे आणतात. को ८६०३२ ही जात १९९६ साली प्रसारित झाली आणि आजही आपल्या शिवारात ठाण मांडून आहे, कारण ती हलक्या-भारी रानात निभावते आणि तिचा खोडवाही चांगला फुटतो. स्क्रिप्टचेही असेच आहे. एकदा लावली की पुढची दहा-पंधरा वर्षे तिचाच खोडवा राखायचा असतो.

जमीन कोणती?

आधी यंत्र समजून घेऊ. आपला हिशेब ज्या जातीच्या यंत्रावर आहे त्याला मिडरेंज म्हणतात, म्हणजे टेबलावरच्या संगणकापेक्षा मोठे आणि मोठमोठ्या बँकांच्या अजस्र यंत्रांपेक्षा लहान. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात रॉचेस्टर नावाचे गाव आहे. तेथील आयबीएमच्या शाखेत हे घराणे वाढले. १९७८ साली सिस्टिम/३८ जाहीर झाली, आणि २१ जून १९८८ रोजी एएस/४००. पुढे नावे बदलत गेली. २००० मध्ये आयसीरीज, २००६ मध्ये सिस्टिम आय, आणि २००८ पासून पॉवर यंत्रांवर चालणारी 'आयबीएम आय' ही प्रणाली. जुनी माणसे अजून एएस/४००च म्हणतात. आमचीही जीभ तिकडेच वळते.

या घराण्याच्या दोन गोष्टी सभासदांनी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, यात डेटाबेस वेगळा विकत आणून बसवावा लागत नाही, तो प्रणालीच्या पोटातच आहे. दुसरी, जुने लिखाण टिकते. १९९५ साली या यंत्राचा गाभा ४८ बिटांवरून ६४ बिटांवर गेला, म्हणजे बैलाच्या जागी ट्रॅक्टर आला म्हणा, तरी जुने प्रोग्राम नव्याने लिहावे लागले नाहीत. (आपल्याकडे प्रोग्राम म्हटले की तोडणीचा प्रोग्राम. इथे तो शब्द संगणकाच्या अर्थाने घ्यावा.)

हे जुने प्रोग्राम आरपीजी नावाच्या भाषेत असतात. ही भाषा १९५९ सालची, छिद्रे पाडलेल्या कार्डांच्या जमान्यातली. तिच्यात पूर्वी प्रत्येक अक्षर ठरलेल्या रकान्यातच पडावे लागे, सरी सोडून लागण करावी तसे. रकाना चुकला की यंत्र अडले. २०१३ पासून मात्र ती मोकळ्या ओळीत लिहिता येते. पडदा चोवीस ओळींचा आणि ऐंशी अक्षरांचा, काळ्यावर हिरवा. दिसायला ओबडधोबड, पण त्यावर हात बसलेला कारकून शंभर पावत्या चढवतो तेव्हा माऊसवाल्याच्या चाळीस होतात की नाही, शंका आहे.

बेणे कोणकोणते?

पहिला पर्याय, पानेही आरपीजीतच लिहावीत. हे शक्य आहे. यंत्रावर अपाची जातीचा वेब सर्व्हर असतो, तो आरपीजी प्रोग्रामला हाक मारतो आणि प्रोग्राम पान बनवून देतो. यासाठी तयार साधनेही फुकट मिळतात. हिशेबाची भाषा आणि पानाची भाषा एकच, हा मोठा फायदा. अडचण माणसांची. आरपीजी जाणणारे आता निवृत्तीला आले आणि तालुक्याच्या कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या पोरांनी तिचे नावही ऐकलेले नसते. शिवाय पानाचे रंगरूप सजवणे हे त्या भाषेचे कामच नव्हे.

दुसरा, नेट.डेटा. हा आयबीएमचाच, १९९० च्या दशकातला. यात एकाच फाइलीत वर डेटाबेसचा प्रश्न आणि खाली पानाची मांडणी लिहायची. शिकायला सोपा, लहान कामाला झटपट. एके काळी या यंत्रावर वेब पान म्हटले की नेट.डेटाच. परंतु त्यात नवी भर पडणे केव्हाच थांबले. ज्या जातीचे नवे बेणेच तयार होत नाही तिची नवी लागण करू नये. जिथे जुनी पाने आहेत तिथे ती चालवावीत, एवढेच.

तिसरा जावा. ताकदवान आहे, बँका वापरतात. पण त्याला स्मरणशक्ती भरपूर लागते, मधे आणखी एक सर्व्हर बसवावा लागतो, आणि माणूसही महाग. तीन प्रश्नांच्या उत्तरांसाठी एवढा सरंजाम आम्हाला पटत नाही.

चौथा पीएचपी. १९९५ साली रास्मुस लेर्डोर्फ या ग्रीनलंडमध्ये जन्मलेल्या गृहस्थाने स्वतःच्या वेब पानासाठी केलेली ही हत्यारे. पुढे इस्रायलच्या अँडी गुटमन्स आणि झीव सुरास्की या दोन विद्यार्थ्यांनी तिचा गाभा नव्याने लिहिला आणि त्यातून झेंड कंपनी निघाली. आयबीएम आणि झेंड यांच्यात २००५ साली करार झाला आणि २००६ पासून पीएचपी या मिडरेंज यंत्रावर अधिकृतपणे आली. यंत्रात युनिक्स जातीचे प्रोग्राम चालवण्यासाठी पेस नावाचा एक भाग आहे, तिच्यात ती चालते. तिथून ती डेटाबेसला प्रश्न विचारू शकते, आणि मुख्य म्हणजे जुन्या आरपीजी प्रोग्रामलाही हाक मारू शकते. ही हाक मारण्याची सोय एक्सएमएलसर्व्हिस या मोफत साधनाने होते. या गोष्टीचे महत्त्व पुढे येईलच.

पाचवा आणि सहावा, नोड.जेएस आणि पायथॉन. नोड २००९ चा. मोबाईलच्या पानात चालणारी जावास्क्रिप्ट भाषाच तो सर्व्हरवर आणतो. पायथॉन १९९१ पासूनची, वाचायला सगळ्यांत स्वच्छ. दोन्ही या यंत्रावर येऊन बरीच वर्षे झाली, आणि २०१८ पासून यम नावाच्या पद्धतीने ही मोफत साधने एका आज्ञेत बसवता येतात. नोडमध्ये एका पानासाठी शेकडो परक्या तुकड्यांची ओळ लागते. प्रत्येक तुकडा वेगळ्या माणसाचा. एकाने हात काढून घेतला की दुरुस्तीला आपण. ज्यांच्याकडे पाच-दहा जणांचा संगणक विभाग आहे त्यांनी तो जरूर घ्यावा.

एक पैसा

आता मुद्द्याचे. यांपैकी कोणतीही भाषा घेतली तरी बिलाचे गणित तिच्यात करायचे नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. कारण उदाहरणाने सांगतो.

समजा दर टनाला ३१७५ रुपये आहे आणि एका सभासदाच्या तीन खेपा आल्या. ११.३३७ टन, १२.४१८ टन आणि १०.६२९ टन. प्रत्येक पावतीची रक्कम वेगळी काढून पैशापर्यंत पूर्ण केली तर ३५,९९४.९८, ३९,४२७.१५ आणि ३३,७४७.०८ रुपये येतात. बेरीज १,०९,१६९.२१. आता आधी टनांची बेरीज करा, ३४.३८४ टन, आणि मग दराने गुणा. उत्तर १,०९,१६९.२० येते. एक पैशाचा फरक. दोन्ही रीती बरोबरच आहेत. पण जुना प्रोग्राम एका रीतीने करतो आणि नव्या पानाच्या पोराने दुसरी रीत धरली, तर कागदी बिलावर एक आकडा आणि मोबाईलवर दुसरा. सभासद विचारणारच, "साहेब, पैशाचं काय न्हाई वो, पर खरं कुठलं? कागदावरचं का मोबाईलवरचं?" त्याला आम्ही काय सांगावे? काट्याबद्दल उगाच कुजबूज सुरू व्हायला एक पैसा पुरतो. सहकारातले सगळे भांडवल शेवटी सभासदाच्या विश्वासावर उभे असते, हे आम्ही सांगायला नको.

यात आणखी एक आतली गोम आहे. आरपीजी आणि डेटाबेस रुपये-पैसे दशांश पद्धतीने साठवतात, आपण पाटीवर मांडतो तसे. नवीन भाषा अपूर्णांक सहसा दोनाच्या पटीत साठवतात. त्या पद्धतीत ०.१ नेमका बसतच नाही, जसा एक तृतीयांश आपल्या दशांशात बसत नाही. जावास्क्रिप्टला ०.१ अधिक ०.२ किती विचारले तर ती ०.३ पुढे पंधरा शून्ये आणि मग ४ असे उत्तर देते. १.००५ दोन दशांश स्थळांपर्यंत पूर्ण करायला सांगा, नोडच्या नेहमीच्या रीतीने १.०० येते, पायथॉनच्या नेहमीच्या रीतीनेही तेच. आपण शाळेत १.०१ शिकलो. पायथॉनमध्ये दशांशाची वेगळी सोय आहे, इतरांतही जोडता येते, पण ती आठवणीने वापरणारा माणूस हवा. आणि हंगामाच्या धांदलीत आठवण ही पहिली गळते.

म्हणून रक्कम डेटाबेसमध्येच काढावी, किंवा जो प्रोग्राम कागदी बिल छापतो त्यालाच पानाने हाक मारावी. पान फक्त आरसा. आरशाने चेहऱ्याला रंग लावायचा नाही.

तारीख आणि नाव

तारखेचा घोटाळा याहून वाईट, कारण तो थेट तोडणीवर येतो. जुन्या नोंदींत तारीख ही तारीख म्हणून नसते, नुसता आकडा असतो. १५ जुलै २०२३ ची लागण १५०७२३ अशी, आणि १ ऑगस्टची ०१०८२३ अशी चढवलेली असेल, आणि पानाने ती आकड्याच्या क्रमाने लावली, तर १ ऑगस्टचा ऊस १५ जुलैच्या ऊसाच्या पुढे जातो! आडसालीवाल्याची पाळी मागे पडली की काय होते ते शेतकऱ्याला सांगायची गरज नाही. तुरा आला, ऊस पोकळ पडला, वजन गेले. या यंत्राच्या जुन्या माणसांनी म्हणूनच शतक, वर्ष, महिना, दिवस अशा क्रमाने सात आकड्यांची तारीख लिहायची रीत पाडली होती. तीच १५ जुलै १२३०७१५ अशी होते, पहिला १ म्हणजे एकविसावे शतक असे समजायचे, आणि मग क्रम कधी चुकत नाही. पण एकाच कारखान्याच्या दोन फाइलींत दोन्ही रीती सापडू शकतात.

यावर उपाय डेटाबेसमध्येच आहे. व्ह्यू नावाची सोय असते. मूळ नोंदी जागच्या जागी ठेवून, त्यांच्याकडे बघायची एक खिडकी बनवायची. तारीख नीट करणे, कपातींना नावे देणे, नोंद रद्द झालेले प्लॉट वगळणे, हे सगळे त्या खिडकीत एकदाच लिहायचे. मग पान पीएचपीत असो, उद्या आणखी कशात असो, सर्वांनी त्याच खिडकीतून बघायचे. आमच्या मते भाषेच्या निवडीपेक्षा ही खिडकी नीट बांधणे हे निम्म्याहून जास्त काम आहे, आणि ते शेती खात्याने शेजारी बसूनच करून घ्यावे. कारण 'खोडवा तोडून पुन्हा खोडवा राखला' ही नोंद कशी वाचायची ते संगणकाच्या माणसाला कसे कळणार?

नावांचेही बघा. हे यंत्र अक्षरे एबसिडिक नावाच्या सांकेतिक लिपीत साठवते, बाकीचे जग दुसऱ्या. इंग्रजी 'ए' या अक्षराचा क्रमांक इथे १९३, तिकडे ६५. मधे दुभाषा बसलेला असतो. प्रत्येक रकान्यावर कोणती लिपी आहे याची चिठ्ठी असते, ती वाचून तो भाषांतर करतो. पण जुन्या फाइलींवर बहुधा ६५५३५ अशी चिठ्ठी असते. तिचा अर्थ, 'याला हात लावू नये'. मग दुभाषा हात लावत नाही आणि मोबाईलवर नावाऐवजी किड्यामुंग्या दिसतात. मराठीतून नावे हवी असतील तर (आणि ती मराठीतूनच हवीत) त्यांच्यासाठी युनिकोडचा वेगळा रकाना करावा लागेल आणि नावे एकदा हाताने तपासून भरावी लागतील. हे काम कोणतीही भाषा आपोआप करीत नाही. कोणी विक्रेता तसे सांगत असेल तर त्याला आपल्या यादीतली पन्नास नावे देऊन बघावे.

कुलूप

आपले बिल दुसऱ्याला दिसू नये, हे सर्वांनाच हवे. कोणाची सोसायटीची वसुली किती, हे गावभर व्हायला नको. स्क्रिप्ट निष्काळजीपणे लिहिली तर सभासद क्रमांकाच्या जागी कोणी '४५१ किंवा १ बरोबर १' असे काही टाकतो. स्क्रिप्ट ते जसेच्या तसे प्रश्नात चिकटवते, एक बरोबर एक तर कायमच खरे, आणि डेटाबेस सगळ्यांची खाती ओतून मोकळा होतो. ही चोरी जुनीच आहे आणि तिचा बंदोबस्तही जुना. प्रश्नात क्रमांकाची जागा रिकामी ठेवायची आणि क्रमांक वेगळा द्यायचा, म्हणजे डेटाबेस त्याला फक्त क्रमांकच समजतो. वर सांगितलेल्या सर्व भाषांत ही सोय आहे. वापरली नाही तर सर्वांतच धोका आहे. याखेरीज २०१४ च्या ७.२ आवृत्तीपासून या यंत्राच्या डेटाबेसमध्येच ओळीगणिक परवानगी ठरवता येते. आणि पानाला मूळ नोंदींवर लिहिण्याचा अधिकारच देऊ नये. बघण्याचा द्यावा, तोही फक्त खिडकीतून. नोंद बदलायची तर सभासदाने गट ऑफिसात यावे, सही करावी. तेवढी पायपीट राहू द्यावी, ती सभासदाच्याच हिताची आहे.

मग निवड कोणती? आमचा कौल पीएचपीला आहे. ती सर्वांत चांगली भाषा आहे म्हणून नव्हे. तिच्यात विचित्रपणा पुष्कळ आहे, आणि प्रत्येक आवृत्तीला काही वर्षांनी म्हातारपण येते, तेव्हा वेळेवर नवी बसवावी लागते. पण ती या यंत्रावर २००६ पासून मुरलेली आहे, जुन्या बिलाच्या प्रोग्रामला हाक मारते, पानामागे पान अशी लहान-लहान तुकड्यांत लिहिता येते, आणि ती वाचू शकणारा माणूस तालुक्याच्या गावी सापडतो. लिहिणारा सोडून गेला तर दुसऱ्याने पान उघडून चार दिवसांत समजून घ्यावे, ही आमची पहिली अट आहे. गट ऑफिसचे तक्ते, जातवार आणि महिनावार लागणीचे गोषवारे वगैरे आतल्या कामाला पायथॉन घ्यावा. दोन्ही एकाच खिडकीतून बघत असल्याने आकड्यांत फरक पडणार नाही.

सगळे जुने मोडून संपूर्ण नवी प्रणाली घ्यावी असाही एक विचार मांडला जातो. त्याला आमचा विरोध आहे. बिलाच्या जुन्या प्रोग्राममध्ये वर्षानुवर्षांचे निर्णय मुरलेले असतात, कोणती कपात आधी, कोणती मागे, ते कुठेही वेगळे लिहून ठेवलेले नसते. निदान हंगाम चालू असताना तरी त्याला हात लावू नये.

पानांचा क्रम आम्ही असा सुचवला आहे. आधी लागण नोंदीचे, कारण त्यात रकमेचा संबंध नाही आणि चूक निघाली तर तोडणीपूर्वी दुरुस्त होते. नंतर काटा पावत्यांचे. बिल आणि कपातीचे शेवटी, आणि तेही एक संपूर्ण पंधरवडा कागदी बिलाशी पैशापैशाने ताडून पाहिल्यावर.

तोपर्यंत सभासदांनी एक करावे. आपला चालू मोबाईल नंबर, लागणीचा गट नंबर व क्षेत्र, आणि मराठीत नाव जसे हवे तसे, कोऱ्या कागदावर लिहून आपल्या शेती गट ऑफिसात द्यावे. ज्यांचे क्षेत्र भावाभावांत वाटून वेगळे झाले आहे पण नोंद अजून वडिलांच्या नावे आहे, त्यांनी उताऱ्यासह समक्ष यावे. अशी खाती पानावर कोणाच्या नावे दाखवायची हे त्यांच्याशी बोलल्याशिवाय ठरवता येणार नाही.